उभ्याने सुरू झालेली शर्यत

ॲमस्टरडॅम म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना ध्यानचंद आठवतात. १९२८ च्या मे महिन्यात तिथे भारताने हॉकीचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं. त्याच ऑलिंपिकमध्ये, ३१ जुलैला, बायकांच्या शंभर मीटर शर्यतीत सोळा वर्षांची एक शाळकरी मुलगी पहिली आली. तिचं नाव बेट्टी रॉबिन्सन. अमेरिकेत ते एके काळी घरोघर पोचलं होतं.

शिकागोजवळच्या रिव्हरडेल गावची ही पोर. घरी जायची आगगाडी सुटायला आली म्हणून एकदा ती धावली आणि तिने गाडी गाठली. शाळेतल्या एका मास्तरांनी ते पाहिलं. त्यांनी तिला शाळेच्या व्हरांड्यात पळवून वेळ मोजली. तिची पहिली स्पर्धा मार्च १९२८ मधली, आणि जुलैअखेर ती ऑलिंपिक विजेती! वेळ १२.२ सेकंद. बायकांना ऑलिंपिकमध्ये धावण्याची परवानगी मिळाली तीच मुळी त्या वर्षी. तीही सर्वांना रुचली नव्हती. आठशे मीटर धावून मुली थकल्या याचा एवढा गवगवा झाला की ती शर्यत बायकांना १९६० पर्यंत पुन्हा मिळाली नाही. पुरुष धावून थकत नाहीत की काय, हे कुणी विचारलं नसावं.

पुढचं ऑलिंपिक १९३२ चं, तेही तिच्याच देशात, लॉस एंजेलिसला. पण त्याच्या आदल्या वर्षी, जून १९३१ मध्ये, नात्यातल्या एका भावाबरोबर ती छोट्या विमानात बसली आणि विमान कोसळलं. ज्या माणसाला ती सापडली त्याने तिला मेलेली समजून मोटारीच्या डिकीत घातलं, अशी कथा सांगतात. कादंबरीकार म्हणून अशा प्रसंगाचा मोह मलाही पडतो, पण तो इतका रंगवला जातो की त्यानंतरची वर्षं झाकली जातात. मला त्या वर्षांचंच जास्त नवल वाटतं.

पायाचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया, प्लास्टर, चाकाची खुर्ची, कुबड्या असे महिन्यांमागून महिने गेले. पाय जुळला, पण किंचित आखूड राहिला, आणि गुडघा पुरता वाकेना. लॉस एंजेलिसची शंभर मीटर शर्यत पोलंडच्या स्टेला वॉल्शने जिंकली.

आमच्या बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय व्हायचं. पैसे बुडायचे नाहीत, पण खातं पुन्हा चालू करायला खातेदाराला स्वतः यावं लागायचं. बेट्टी तशी आली. आधी चालायला शिकली, मग हळूहळू पळायला. पळताना वेगही परत येऊ लागला.

अडचण निराळीच होती. शंभर मीटरची सुरुवात जमिनीवर हात टेकून, गुडघे मुडपून करतात, आणि नेमकं तेच तिला जमत नव्हतं. जी शर्यत तिने जिंकली होती तिच्या सुरुवातीच्या रेषेवर तिला नीट बसताही येणार नव्हतं. एखादीने तिथेच नाद सोडला असता. हिने अशी शर्यत निवडली जिथे बसावं लागत नाही. चार बाय शंभर रिलेत फक्त पहिली धावपटू वाकून सुटते. बाकीच्या तिघी उभ्याने बॅटन घेतात. १९३६ च्या अमेरिकन संघात तिला जागा मिळाली, ती तिसऱ्या टप्प्यासाठी.

बर्लिन, ९ ऑगस्ट १९३६. जर्मन मुलींनी प्राथमिक फेरीत ४६.४ सेकंदांचा जागतिक विक्रम केला होता, आणि प्रेक्षागारात हिटलर बसला होता. अंतिम शर्यतीतही जर्मनी चांगलीच पुढे होती. बेट्टीने ॲनेट रॉजर्सकडून बॅटन घेतली, त्या आखूड पायावर आपले शंभर मीटर काढले आणि बॅटन हेलन स्टीव्हन्सच्या हातात दिली. त्याच बदलात जर्मन मुलींच्या हातून बॅटन निसटली. अमेरिका ४६.९ सेकंदांत पहिली.

बॅटन पडली म्हणून मिळालेलं पदक, असं म्हणून काहीजण ते हलकं करतात. मला ते पटत नाही. रिलेत पळणं जितकं महत्त्वाचं तितकंच देणं-घेणं, आणि ते तिने चोख केलं. शिवाय त्या वर्षी शंभर मीटर जिंकलेली स्टीव्हन्स शेवटच्या टप्प्यावर काय करू शकली असती, हे कोण सांगणार?

बर्लिननंतर ती स्पर्धांतून बाहेर पडली. १९३९ मध्ये लग्न झालं, संसार झाला. १९९६ मध्ये ॲटलांटा ऑलिंपिकची मशाल अमेरिकेतून फिरली तेव्हा ती हातात धरणाऱ्यांत चौऱ्याऐंशी वर्षांची बेट्टीही होती. मे १९९९ मध्ये ती गेली.