ग्रहगतीचे शिक्षक : केरूनाना छत्रे

शाळकरी विद्यार्थ्याला न्यूटनचे गतीविषयक तीन नियम पाठ करावे लागतात आणि परीक्षा संपताच ते बहुधा विसरलेही जातात. मात्र याच नियमांवर उभ्या असलेल्या गणिताच्या बळावर पंचांग सुधारण्याचे धाडस करणारा एक शिक्षक एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात होऊन गेला. केरो लक्ष्मण तथा केरूनाना छत्रे हे त्यांचे नाव.

१६ मे १८२५ रोजी अलिबागजवळच्या नागाव येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईत शिकत असताना प्रा. आर्लिबार यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. वयाच्या अवघ्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते कुलाबा वेधशाळेत रुजू झाले. चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नोंदी घेता घेता, जे मोजता येते त्यावरच विश्वास ठेवायचा, ही शिस्त त्यांच्या अंगी बाणली. १८५१ मध्ये ते पुण्यास अध्यापनासाठी आले. पुढे काही काळ अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापकपदही त्यांनी सांभाळले. शाळांसाठी अंकगणित व पदार्थविज्ञान या विषयांवर त्यांनी मराठीत पुस्तके लिहिली.

हे नियम समजून घ्यायला नगरकरांना दूर जावे लागत नाही. विजापूरच्या बुरुजावरील प्रसिद्ध मुलूख-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये नगरलाच ओतली गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन. स्थिर वस्तू बाहेरून बल लावल्याशिवाय हलत नाही आणि गतिमान वस्तू आपणहून थांबत वा वळत नाही, हा पहिला नियम. तेच बल हलक्या वस्तूला अधिक वेगवान करते आणि जड वस्तूला कमी, हा दुसऱ्या नियमाचा आशय. तोफेने गोळ्याला पुढे ढकलले की गोळाही तोफेला तेवढ्याच बलाने मागे ढकलतो, हा तिसरा नियम. बल दोन्हींवर सारखेच. पण गोळा दूर झेपावतो आणि अवजड तोफ जेमतेम हलते.

न्यूटनने १६८७ मध्ये हेच नियम आकाशालाही लावले. ग्रह सरळ रेषेत निघून जाऊ पाहतो, सूर्याचे आकर्षण त्याला सतत वळवत राहते. म्हणून तो प्रदक्षिणा घालतो. या तत्त्वावरील युरोपीय गणिताच्या आधारे केरूनानांनी ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला. तो १८६० मध्ये प्रसिद्ध झाला.

येथेच त्यांची खरी कसोटी लागली. त्या काळची पंचांगे मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या सोळाव्या शतकातील ‘ग्रहलाघव’ ग्रंथावरून होत. मूळ ग्रंथ थोर असला, तरी तीन शतकांत सूक्ष्म चुका साचत गेल्या होत्या. पंचांगातले ग्रह आणि आकाशातले ग्रह यांचा मेळ बसेना. आबासाहेब पटवर्धन यांच्या सहकार्याने १८६५ पासून केरूनानांचे नवे पंचांग निघू लागले. त्याची ग्रहणे, युती आकाशाशी जुळत. परंतु त्यांनी रेवती नक्षत्रातील तारा आरंभस्थान मानल्यामुळे रूढ पंचांगाशी सुमारे चार अंशांचे अंतर पडले. त्यामुळे संक्रांतीचा दिवस बदलला, काही वर्षी अधिक मास आणि त्यामागून सणही बदलले. ग्रहण बिनचूक सांगणारे गणित लोकांना हवे होते. दिवाळी हलवणारे नको होते. हे पंचांग स्वीकारणारे थोडेच राहिले. तरीही बहुमतासाठी केरूनानांनी आपले गणित बदलले नाही.

१८७७ मध्ये त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली, १८७९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीचा आग्रह पुढे चालवला. रेवतीचा तो तारा टिळक पंचांगात आजही आरंभस्थानी आहे. बाकीच्या पंचांगकर्त्यांनी आरंभस्थान वेगळे मानले. पण ग्रहांच्या स्थितीसाठी त्यांतील बहुतेकांना अखेर आधुनिक गणिताकडेच यावे लागले. रूढी जड असते, तिला हलवायला बल पुष्कळ आणि काळही पुष्कळ लागतो. केरूनानांनी पहिला धक्का दिला होता.