प्रश्न विचारला म्हणून जाळलेला माणूस : मायकेल सर्व्हेटस

जुना धर्म सोडणे म्हणजे काय असते, हे आपल्या वाचकांना कोणी सांगावयास नको. देव्हारा उतरवताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे भरलेले डोळे आपण पाहिले आहेत. गावाची बोलणी ऐकली आहेत. परंतु जुने सोडल्यानंतर आणखी एक परीक्षा असते, आणि ती पहिलीपेक्षा अवघड असते. नव्या घरात प्रश्न विचारणाऱ्याला आपण जागा देतो की नाही, ही ती परीक्षा होय. युरोपातील एका मोठ्या धर्मक्रांतीपुढे ही परीक्षा सोळाव्या शतकात आली आणि त्या क्रांतीचे पुढारी तीत नापास झाले. ज्याच्या देहावर ती परीक्षा झाली त्या मायकेल सर्व्हेटसची ही जीवनकथा आहे.

सर्व्हेटस ख्रिस्ती होता आणि मरेपर्यंत ख्रिस्तीच राहिला. येशूवर त्याची नितांत भक्ती होती. तेव्हा ही कथा कोणाच्या श्रद्धेची टवाळी करण्यासाठी नाही. श्रद्धा असलेल्या माणसानेच आपल्या धर्माला प्रश्न विचारला तर काय होते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

त्रैक्य म्हणजे काय?

ख्रिस्ती धर्म देव एकच मानतो. परंतु त्या एका देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती आहेत, तिन्ही सारख्याच अनादि व सारख्याच समर्थ, आणि तरीही देव तीन नव्हेत, एकच, असा त्याचा सिद्धान्त आहे. मराठी ख्रिस्ती लोक त्यास त्रैक्य म्हणतात. ब्रह्मा-विष्णु-महेशाशी त्याची गल्लत करू नये. तेथे तीन देवांची तीन कामे व तीन संसार आहेत. येथे देव एकच असल्याचा आग्रह आहे.

हा सिद्धान्त एका दिवसात ठरला नाही. येशूचा पुत्र म्हणून दर्जा पित्याच्या बरोबरीचा, की पित्याने निर्माण केलेला व म्हणून त्याच्या खालचा, यावर पहिल्या काही शतकांत मोठे वाद झाले. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस हा दुसऱ्या मताचा होता. इ. स. ३२५ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने निकिया येथे बिशपांची परिषद बोलावली. तिने एरियसचे मत फेटाळले आणि त्याला हद्दपार व्हावे लागले. ३८१ साली कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेत पवित्र आत्म्याविषयीचा भाग ठरला. पुढे त्रैक्य नाकारणे हा रोमन साम्राज्याच्या कायद्यात गुन्हा झाला. श्रद्धेची गोष्ट अशा रीतीने राजदंडाच्या हाती गेली आणि हजार वर्षांहून अधिक काळ ती त्याच हाती राहिली.

स्पेनमधील मुलगा

सर्व्हेटसचा जन्म १५११ च्या सुमारास स्पेनमधील आरागॉन प्रांतात विलानुएव्हा दे सिहेना या गावी झाला. बाप नोटरी होता, घर खाऊनपिऊन सुखी होते. परंतु देशाची हवा भयाची होती. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना फर्मान काढले, की बाप्तिस्मा घ्या किंवा देश सोडा. काही वर्षांनी मुसलमानांवरही तीच पाळी आली. हजारो लोकांनी जिवाच्या भीतीने धर्म बदलला. आणि बदलल्यानंतरही त्यांच्या घरांवर धर्मन्यायालयाची पाळत राहिली. शनिवारी चूल का पेटली नाही, डुकराचे मांस का खात नाही, अशा चौकशा होत.

आपले धर्मांतर आणि ते धर्मांतर यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. आपण समजून उमजून आलो. त्यांना तलवारीने आणले गेले. त्या ज्यू-मुसलमानांना ख्रिस्ती धर्मात सर्वांत अडचणीची वाटणारी गोष्ट म्हणजे त्रैक्य. ते म्हणत, देव एक आहे म्हणता, मग तीन कसे मोजता? तरुण सर्व्हेटसच्या मनात हा प्रश्न घर करून राहिला.

फ्रान्समधील तुलूज येथे तो कायदा शिकावयास गेला. तेथे त्याने बायबल स्वतः वाचले. त्या काळी सामान्य माणसाने बायबल स्वतः वाचावे ही गोष्टच नवी होती. त्याला त्यात येशू सापडला, पिता सापडला, पवित्र आत्मा सापडला. पण त्रैक्य हा शब्द कोठे सापडला नाही. एक तत्त्व आणि तीन व्यक्ती ही भाषाही सापडली नाही. ही भाषा ग्रीक तत्त्वज्ञांच्या शाळेतून आली आहे, असे त्याचे मत झाले.

पुढे सम्राटाच्या धर्मगुरूचा, क्विंतानाचा, सहायक म्हणून तो इटलीत गेला. १५३० साली बोलोन्या येथे पोपच्या हस्ते पाचव्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. पोप लोकांच्या खांद्यांवरून मिरवत होता आणि रस्त्यातील माणसे गुडघे टेकीत होती. हे दृश्य पाहून त्याचे मन विटले. माणसाने माणसापुढे असे वाकावे, हे त्याच्या येशूने शिकविले नव्हते.

विसाव्या वर्षीचे पुस्तक

१५३१ साली, म्हणजे वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्याने त्रैक्याच्या चुकांविषयी एक लॅटिन पुस्तक छापले. देव एकच आहे. येशू हा त्या अनादि देवाचा पुत्र आहे, परंतु तो स्वतः अनादि नाही. पवित्र आत्मा ही तिसरी व्यक्ती नसून माणसांत काम करणारी देवाची शक्ती आहे, असा त्याचा सारांश होता. हा सिद्धान्त गोंधळाचा असल्यामुळे ज्यू आणि मुसलमान आपल्याला हसतात, हेही त्याने लिहिले.

त्याला वाटले होते, की पोपविरुद्ध बंड करणारे प्रोटेस्टंट पुढारी आपले म्हणणे ऐकतील. ते स्वतः बायबलाच्या आधाराने जुनी मंडळी मोडीत होते. परंतु त्यांनीही कान बंद केले. कॅथलिकांचा राग होताच. दोन्ही घरची दारे त्याला बंद झाली.

मग त्याने नाव बदलले. गावाच्या नावावरून मिशेल दे विलनव्ह असे नाव घेऊन तो फ्रान्समध्ये राहू लागला. लियाँ येथील छापखान्यात त्याने मुद्रिते तपासली, टॉलेमीच्या भूगोलाची आवृत्ती काढली. पॅरिसमध्ये वैद्यक शिकला. पुढे व्हिएन या फ्रेंच गावी आर्चबिशपचा वैद्य म्हणून त्याने सुमारे बारा वर्षे काढली. दिवसा रोग्यांची नाडी पाहावी, रविवारी कॅथलिक उपासनेला जावे आणि रात्री दार लावून आपला ग्रंथ लिहावा, असा त्याचा क्रम होता. ज्यावर विश्वास नाही त्या विधीला तो बारा वर्षे हजर राहिला, याचा कोणास राग येईल. परंतु आपल्यातही दीक्षा घेऊन कित्येकांनी दाखल्यावर जुनी जात तशीच राहू दिली, कारण अनुसूचित जातींच्या केंद्र सरकारी सवलती बौद्ध झालेल्यांना १९९० पर्यंत मिळत नव्हत्या. लपून राहणाऱ्याला नावे ठेवण्यापूर्वी त्याला लपावयास कोणी लावले, हे पाहावे.

रक्त आणि श्वास

त्याच्या ग्रंथाचे नाव ख्रिस्ती धर्माची पुनःस्थापना असे होते. त्याच धर्मग्रंथात शरीरशास्त्राचा एक मोठा शोध आहे. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून डाव्या बाजूकडे मधल्या पडद्यातून झिरपते, असे युरोपातले वैद्य हजारभर वर्षे मानीत आले होते. सर्व्हेटसने लिहिले, की तसे नाही. रक्त फुप्फुसांत जाते, तेथे हवेशी मिळते, त्याचा रंग बदलतो आणि मग ते डाव्या बाजूस येते. अरबी वैद्य इब्न अल नफीस याने तेराव्या शतकात हेच लिहून ठेवले होते. परंतु युरोपात ते छापून आले सर्व्हेटसच्या पुस्तकात. आत्मा रक्तात वसतो असे बायबलात म्हटले आहे, म्हणून आत्मा समजावयाचा तर रक्त समजले पाहिजे, असा त्याचा विचार होता.

ग्रंथात दुसरी एक गोष्ट होती. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देऊ नये. माणसाने जाणत्या वयात, येशूप्रमाणे तिसाव्या वर्षाच्या सुमारास, स्वतःच्या इच्छेने तो घ्यावा, असे तो सांगत होता. धर्म हा जन्माने लागत नाही, तो स्वीकारावा लागतो, हे त्याचे म्हणणे होते. आपल्या वाचकांना हे पटण्यास वेळ लागणार नाही.

कॅल्व्हिनचे जिनिव्हा

जॉन कॅल्व्हिन हा प्रोटेस्टंटांचा मोठा पुढारी. धर्मासाठी त्याने स्वतःचा देश, फ्रान्स, सोडला होता. जिनिव्हा शहर त्याच्या शब्दावर चालू लागले होते. १५४६ च्या सुमारास सर्व्हेटसने त्याच्याशी पत्रव्यवहार केला, आपल्या ग्रंथाचे हस्तलिखित पाठविले. कॅल्व्हिनने आपला ग्रंथ पाठविला. तो सर्व्हेटसने समासात झणझणीत टीका लिहून परत केला. त्याची जीभ कडवट होती, हे मान्य केले पाहिजे. कॅल्व्हिनने तेव्हाच एका मित्राला लिहून ठेवले, की हा माणूस जिनिव्हात आला आणि माझा शब्द चालला, तर तो जिवंत जाणार नाही.

१५५३ च्या जानेवारीत व्हिएनमध्ये गुप्तपणे ग्रंथाच्या एक हजार प्रती छापल्या गेल्या. थोड्याच दिवसांत जिनिव्हातील एका फ्रेंच निर्वासिताने लियाँच्या कॅथलिक नातेवाइकाला कळविले, की तुमच्यात एक पाखंडी वैद्य लपला आहे. पुरावा मागितला गेला तेव्हा सर्व्हेटसने कॅल्व्हिनला विश्वासाने लिहिलेली पत्रेच तिकडे पोहोचली. कॅथलिक धर्मन्यायालयाने त्याला एप्रिलमध्ये पकडले. तो तीन दिवसांत निसटला. जूनमध्ये त्याचा पुतळा आणि पुस्तके जाळण्यात आली.

याच १५५३ च्या मे महिन्यात लियाँ येथे पाच प्रोटेस्टंट तरुणांना कॅथलिकांनी जिवंत जाळले होते. तेव्हा प्रोटेस्टंटांना आगीची धग काय असते हे ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही.

पळताना सर्व्हेटस जिनिव्हात आला. १३ ऑगस्ट रोजी, रविवारी, उपासनेच्या वेळी तो ओळखला गेला व पकडला गेला. खटला दोन महिन्यांहून अधिक चालला. वकील मागितला, तो नाकारण्यात आला. तुरुंगात थंडी होती, अंगावरचे कपडे फाटले होते, उवा पडल्या होत्या. कपडे मिळावेत म्हणून त्याने अर्ज केले. भूगोलाच्या पुस्तकात पॅलेस्टाइनची जमीन ओसाड म्हटली, हाही आरोप त्याच्यावर ठेवला गेला. तो मजकूर वास्तविक जुन्या आवृत्तीतला होता. व्हिएनला परत जातोस का, असे विचारले तेव्हा तो रडून म्हणाला की नको, येथेच माझा न्याय करा. त्याला अजूनही वाटत होते की या नव्या धर्मवाल्यांच्या दारी न्याय मिळेल.

निकालात मुख्य गुन्हे दोन ठरले, त्रैक्याला नकार आणि बालकांच्या बाप्तिस्म्याला नकार. तलवारीने मारावे, आगीत नको, असे कॅल्व्हिनने सुचविले. नगरसभेने तेही ऐकले नाही. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी शहराबाहेर शांपेलच्या टेकडीवर त्याला खांबाला बांधून जाळले. त्याचे पुस्तक त्याच्या अंगाला बांधले होते. मरताना त्याने येशूला हाक मारली ती अनादि देवाचा पुत्र म्हणून. अनादि देवाचा पुत्र आणि देवाचा अनादि पुत्र, यांत एका शब्दाची जागा बदलते. ती जागा त्याने आगीतही बदलली नाही.

पुढे काय झाले?

एक हजार प्रतींपैकी आज तीनच मूळ प्रती उरल्या आहेत. व्हिएन्ना, पॅरिस आणि एडिंबरो येथे त्या आहेत. परंतु प्रश्न उरला. बासेलमध्ये दारिद्र्यात राहणारा विद्वान सेबॅस्टियन कॅस्टेलिओ याने १५५४ साली टोपणनावाने ग्रंथ काढून मतासाठी माणूस मारण्याचा निषेध केला. सर्व्हेटसचे मत त्याला पटलेच होते असे नाही. माणसाला जाळणे त्याला पटले नव्हते. कॅल्व्हिनला त्याने लिहिलेले उत्तर त्याच्या हयातीत छापता आले नाही. ते १६१२ साली छापले गेले.

ट्रान्सिल्व्हेनियात १५६८ साली तोर्डा येथील सभेने उपदेशकांना आपापल्या समजुतीप्रमाणे उपदेश करण्याची मोकळीक दिली. तेथील एकेश्वरवादी पुढारी फेरेन्त्स डेव्हिड मात्र पुढे राजा बदलल्यावर १५७९ साली तुरुंगात मेला. इंग्लंडमध्ये त्रैक्य नाकारणाऱ्यांवरची कायद्याची टांगती तलवार १८१३ साली दूर झाली. आपल्या देशातही १८२० नंतर राममोहन रॉय आणि श्रीरामपूरचे मिशनरी यांच्यात याच प्रश्नावर मोठा वाद झाला, आणि विल्यम अ‍ॅडम नावाच्या मिशनऱ्याने त्रैक्य सोडले. त्याला कोणी जाळले नाही. तेवढे जग पुढे गेले होते.

१९०३ साली शांपेल येथे कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी एक दगड उभा करून आपल्या गुरूची चूक कबूल केली. सर्व्हेटसचा पुतळा जिनिव्हात उभा राहण्यास २०११ साल उजाडावे लागले.

बंधु-भगिनींनो, पोपची सत्ता झुगारणाऱ्यांनी पोपचीच आग हाती घेतली. याचे कारण एवढेच की त्यांनी सिद्धान्त बदलले, पण प्रश्न विचारणाऱ्याशी वागण्याची रीत बदलली नाही. तथागतांनी कालामांना सांगितले, की केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो म्हणून मानू नका. तो उपदेश दुसऱ्यांच्या ग्रंथांसाठी आहे असे समजू नये. उद्या आपल्याच घरातील शिकलेला मुलगा किंवा मुलगी वंदनेनंतर उठून एखादा अवघड प्रश्न विचारील. त्या वेळी आवाज चढविण्यापूर्वी शांपेलची टेकडी आठवावी, आणि त्याला म्हणावे, बस, बाळा, आपण यावर बोलू.