औंधचे कीर्तनकार राजे

सज्जनहो, अहमदपुराकडून पंढरीस गेलेल्यांपैकी कोणी कोणी तसेच पुढे सातारा जिल्ह्यात औंधच्या यमाईस जातात. गाव लहान, पण त्याचा चेहरामोहरा निराळा. तो ज्यांनी राखला त्या भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे चरित्र आज सांगतो. नगराध्यक्ष म्हणून ते निवडून आलेले नव्हते, राजे होते. पण गावाची काळजी घरच्या वडीलधाऱ्यासारखी वाहिली.

जन्म 24 ऑक्टोबर 1868 चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतली, 1909 साली गादीवर आले. संस्थान ते केवढे! औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडचे गुणदाळ मिळून 72 गावे, तीही एकमेकांपासून तुटलेली. मुलूख दुष्काळी.

आम्हां कीर्तनकारांना विशेष अभिमान वाटावा असे हे की, हा राजा स्वतः कीर्तनास उभा राहत असे. पद्धत आख्यानाची, आमच्या वारकरी कीर्तनाहून वेगळी; पण राजाने प्रजेपुढे टाळ-मृदंगाच्या साथीने हरिकथा सांगावी, हे कुठे पाहायला मिळते? शिवाय ते चित्रे काढीत. रामायणाची चित्रे त्यांनी स्वतः रंगविली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती निघायची ठरली, तेव्हा एक लाख रुपये देऊ केले. संस्कृत पाठशाळेत वाढलेल्या आम्हांस त्या एका लाखाचे मोल अधिक वाटते. पंडित सातवळेकरांनाही औंधात आसरा मिळाला; वेदांची पुस्तके तेथून छापून निघाली. शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर औंधच्याच शाळेत शिकले.

सूर्यनमस्काराचे तर त्यांना वेडच. स्वतः रोज घालीत, शाळेतल्या पोरांनाही घालायला लावीत. पोरे कंटाळत असतील, असे आपले आम्हांस वाटते!

1938 साली यमाईच्या डोंगराच्या वाटेवरच त्यांनी श्रीभवानी वस्तुसंग्रहालय उघडले. रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूर या परदेशी शिल्पकाराचे आई-मुलाचे दगडी शिल्पही तिथे आहे. राजाने जमविलेले धन वाड्यात कुलपाआड ठेवले नाही. देवीला निघालेल्या माणसाच्या वाटेवर ठेवले. आम्ही गेलो तेव्हा डोक्यावर गाठोडे घेतलेली एक म्हातारी एका चित्रापुढे हात जोडून उभी होती. तिकिटाचे पैसे तिथेच फिटले म्हणा ना!

पण खरी कसोटी पुढेच. वयाच्या सत्तरीत, जानेवारी 1939 मध्ये, त्यांनी राज्याचा अधिकारच प्रजेच्या हाती दिला. पुत्र अप्पासाहेब आणि पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांनी खटपट केली, महात्मा गांधींनी घटनेला आकार दिला. गावोगाव पंचायती निवडल्या गेल्या. न्यायनिवाडा गावातच होऊ लागला. आटपाडीजवळ कैद्यांची स्वतंत्रपूर वसाहत झाली. तिला भिंत नव्हती. हैद्राबाद संस्थानात आमचे वडीलधारे तेव्हा निजामाच्या अमलाखाली होते, हे ध्यानात आणा, म्हणजे त्या दानाची किंमत कळेल. भोवतालचे राजे मुठी आवळून बसले असता यांनी मूठ उघडली. तेही कोणी दारात येऊन मागण्याआधी.

1948 च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. ते छोटे स्वराज्य नऊ वर्षेच चालले, याची हळहळ वाटते. 13 एप्रिल 1951 रोजी बाळासाहेबांनी देह ठेवला. संग्रहालय आता सरकारच्या ताब्यात आहे. पौषात यमाईची यात्रा भरते, तेव्हा जाल तर पायऱ्या चढताना मध्येच थांबा आणि आत डोकावून या.