वयात येणारा मेंदू आणि र. धों. कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे मुळात गणिताचे प्राध्यापक. जन्म १४ जानेवारी १८८२. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना बाळंतपणात त्यांची आई राधाबाई गेली. पुढे या माणसाने आयुष्यभर बाळंतपण, संततिनियमन आणि गुप्तरोग हेच विषय हाती घेतले.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही याच वर्षी. कॉलेजच्या चालकांना हे काम रुचले नाही आणि १९२५ मध्ये कर्व्यांना विल्सन कॉलेजमधील नोकरी सोडावी लागली. त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी स्वतःला मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता. या कार्यात संसाराचा मोठा भार मालतीबाईंनी उचलला.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना ते सरळ उत्तरे देत. हस्तमैथुनाने शरीर खंगते, वीर्यनाशाने बुद्धी जाते, या समजुतींना काही आधार नाही, असे त्यांनी त्या काळात स्पष्ट छापले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी निकाल विरुद्ध गेला. मासिक मात्र १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले तोवर चालू राहिले.

कर्व्यांच्या काळी जिवंत माणसाचा मेंदू डोळ्यांनी पाहण्याची सोय नव्हती. १९९० नंतर एमआरआय तपासणीने ती झाली आणि किशोरवयाचे कोडे बरेच उलगडले. मेंदूत भावना, सुख आणि बक्षिसाची ओढ यांच्याशी निगडित भाग असतात. वयात येताना ते झपाट्याने जागे होतात. कपाळामागचा भाग थांबायला लावतो, परिणामांचा विचार करतो, पण तो पूर्ण पक्व व्हायला पंचविशी उजाडते. गाडीचा वेग आधी वाढतो, ब्रेक मागाहून बसतात.

म्हणून सोळा वर्षांच्या मुलामुलींना धोका कळत नाही, असे समजू नका. शांतपणे बसून विचारले तर ती मोठ्यांइतकेच नेमके उत्तर देतात. पण भावना उसळलेल्या असताना, विशेषतः मित्रमैत्रिणी सोबत असताना, समोरच्या सुखाचे पारडे जड होते. विनाहेल्मेट भरधाव दुचाकी, दारूचा पहिला घोट आणि निरोधाविना संबंध, तिन्हींमागे हीच यंत्रणा असते. हा स्वभावदोष नव्हे, ती वाढीची पायरी आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, माहिती वेळेआधी हवी, कारण ऐन क्षणी विचार करायला मेंदू फारशी साथ देत नाही. लैंगिक शिक्षणाने मुले बिघडतात ही भीती जगभरच्या अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उलट चांगल्या शिक्षणाने पहिला संबंध लांबतो किंवा अधिक सुरक्षित होतो. इथे कर्वे काळाच्या पुढे होते. दुसरी गोष्ट त्यांच्या भूमिकेत थोडी भर घालणारी. माणसाला नीट माहिती दिली की तो विवेकाने वागेल, यावर त्यांचा फार भरवसा होता. किशोरांच्या बाबतीत नुसती माहिती पुरत नाही. नाही कसे म्हणायचे, दुसऱ्याचा नकार कसा मानायचा, अडचणीत कोणाला फोन करायचा, याचा सराव लागतो. आणि रागावल्याशिवाय ऐकून घेणारे एक तरी मोठे माणूस लागते.

आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आजही 'धातू जाते, अशक्तपणा आलाय' म्हणून मुले येतात. कर्व्यांनी खोडलेलीच ती समजूत. बहुतेकांना औषध लागत नाही, दहा मिनिटांचे बोलणे पुरते. मुली मात्र उशिरा येतात, कधी पाळी चुकून तीन महिने उलटल्यावर. त्या उशिराचे कारण बहुतेक वेळा घरातली भीती असते.

पालकांनी एवढे करावे: दहाव्या-अकराव्या वर्षापासून, थोडे थोडे, रोजच्या बोलण्यात हा विषय येऊ द्यावा. प्रश्न आला तर टाळू नये. माहीत नसेल तर तसे सांगून डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या अनेक रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहे आणि तिथला सल्ला मोफत मिळतो. कर्व्यांना पत्र लिहिणाऱ्यांना दुसरीकडे विचारायची सोय नव्हती. आपल्या मुलांना ती घरातच मिळायला हवी.