डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह: हाडाबरोबर नसेलाही वेळ देणारा डॉक्टर

जबडा लांबवण्याची शस्त्रक्रिया ठरली की नातेवाईक हमखास विचारतात, हाड लांबेल, पण आतल्या नसेचे काय? या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या कामातून मिळाले, ते डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह.

त्यांचा जन्म 1921 चा. बालपण अझरबैजानमध्ये गरिबीत गेले. 1944 मध्ये डॉक्टर झाल्यावर त्यांची नेमणूक सायबेरियातील कुर्गान भागात, एका खेड्यात झाली. तो युद्धाचा काळ होता. न जुळलेली, वाकडी किंवा आखूड झालेली हाडे घेऊन अनेक रुग्ण येत. पुढे कुर्गान शहरात काम करताना त्यांनी धातूची वर्तुळे आणि ताणलेल्या बारीक तारा यांचे उपकरण तयार केले. कापलेल्या हाडाची टोके हळूहळू दूर नेली, तर मधल्या जागेत नवे हाड तयार होते, हे त्यांनी दाखवले. अनेक वर्षे वरिष्ठांचा विश्वास बसला नाही. 1968 मध्ये त्यांनी ऑलिंपिक विजेता उंच उडीपटू व्हॅलेरी ब्रुमेल याच्या पायावर उपचार केले. तो पुन्हा उडी मारू लागला आणि कुर्गानचे नाव सर्वदूर पोहोचले.

त्यांनी कुत्र्यांवर वेगाचाही अभ्यास केला. रोज अर्धा मिलिमीटर ताणल्यास हाड वेळेआधीच जुळू शकते. दोन मिलिमीटर ताणल्यास स्नायू, रक्तवाहिन्या आणि नसांना इजा होते. रोज एक मिलिमीटर, तोही थोडा थोडा विभागून, हा वेग सर्वांना मानवला. संथ ताणामुळे नसेच्या पेशींना वाढायला आणि तिचे आवरण दुरुस्त व्हायला अवधी मिळतो.

1992 मध्ये डॉ. इलिझारोव्ह यांचे निधन झाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या डॉ. जोसेफ मॅकार्थी यांनी मुलांचा खालचा जबडा याच तत्त्वाने लांबवल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

खालच्या जबड्याच्या हाडातून जाणारी नस खालचा ओठ, हनुवटी आणि दातांना संवेदना देते. म्हणून उपचारादरम्यान तिथे बधिरपणा किंवा मुंग्या जाणवू शकतात. बहुतेकांमध्ये हे काही आठवड्यांत ते महिन्यांत कमी होते. काहींमध्ये थोडा बधिरपणा राहू शकतो. मुंग्या येणे हे अनेकदा नस सावरत असल्याचे लक्षण असते.

घरी हे लक्षात ठेवा:

• स्क्रू डॉक्टरांनी सांगितला तेवढाच, सांगितलेल्या दिशेनेच फिरवा. एखादी वेळ चुकली तर दुप्पट फिरवू नका. आधी डॉक्टरांना विचारा.
• बधिरपणा अचानक वाढला किंवा तीव्र वेदना, सूज, ताप आला तर लगेच कळवा.
• ओठ बधिर असेपर्यंत फार गरम चहा, सूप टाळा. चटका बसलेला कळत नाही.
• लहान मूल असेल तर ओठ चावला जात नाही ना, हे रोज पाहा.

घाई केली तर नस दुखावते, हा डॉ. इलिझारोव्ह यांच्या कामाचा धडा आजही प्रत्येक स्क्रूच्या फेऱ्याला लागू आहे.