शिल्लक कोणाची?

आमचे व्यापारी बंधु दिवाळीस वहीपूजन करतात आणि वर्षाची शिल्लक पै-पैनें ताडून पाहतात. मुनिमाची लहानशी चूकही त्यांच्या नजरेंतून सुटत नाहीं. परंतु ज्या तिजोरींत आपणां सर्वांचा पैसा दरसाल जमा होतो, त्या सरकारी तिजोरीचें अंदाजपत्रक समोर आलें, कीं हेच चतुर गृहस्थ आपल्या मालावरील कर चढला कीं उतरला एवढेंच पाहून तें बाजूस सारतात. ही उदासीनता पाहिली म्हणजे आम्हांस कै. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें स्मरण होतें.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक गांवीं झाला. वडील लवकर वारले. थोरले बंधु गोविंदराव यांनीं शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली व त्यांतून ८ रुपये धाकट्या भावास धाडले. रुपयाचें मोल ज्यास असें बालपणींच कळलें, त्यास पुढें कोटींचे आंकडे गरिबाच्या घांसाशीं ताडून पाहतां आले, यांत नवल नाहीं. १८८४ सालीं पदवी मिळाल्यावर त्यांनीं न्यू इंग्लिश स्कूल व पुढें फर्ग्युसन कॉलेज यांत १९०२ पर्यंत अध्यापन केलें. न्यायमूर्ति रानडे यांच्या हाताखालीं त्यांनीं सरकारी अहवाल चाळण्याचें कष्टाचें काम वर्षानुवर्षें केलें. १८९७ सालीं हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढें त्यांनीं लंडनमध्यें साक्ष दिली, तेव्हां त्यांचें वय अवघें ३० होतें.

पुढें ते व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलांत गेले. तेथें सभासदांनीं अंदाजपत्रकावर बोलावें एवढीच मुभा १८९२ च्या कायद्यानें होती. मत देण्याचा अधिकार नव्हता. २६ मार्च १९०२ रोजीं गोखल्यांनीं तेथें अंदाजपत्रकावर पहिलें भाषण केलें. त्या वर्षीं सरकारनें सुमारें सात कोटींची शिल्लक दाखविली होती, आणि ही देशाच्या भरभराटीची खूण होय असें अधिकाऱ्यांचें म्हणणें होतें. १८९६ पासून प्लेगानें व दोन भीषण दुष्काळांनीं गांजलेल्या देशांत ही भरभराट आली कोठून? गोखल्यांनीं हिशेब उलगडून दाखविला. रुपयाचा भाव घसरला तेव्हां विलायतेस पाठवावयाच्या रकमेचा बोजा वाढला, म्हणून सरकारनें कर वाढविले. १८८८ सालीं मिठावरील कर मणामागें दोनांवरून अडीच रुपये झाला. पुढें रुपया सुमारें १३ पेन्सांवरून १६ पेन्सांवर चढला, तो बोजा हलका झाला; पण वाढविलेले कर तसेच राहिले. तेव्हां ही शिल्लक म्हणजे गरजेपेक्षां अधिक घेतलेला रयतेचा पैसा होता.

असें त्यांनीं एकदांच सांगितलें नाहीं, दरसाल सांगितलें. १९०३ सालीं मिठाचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ सालीं दीडावर व १९०७ सालीं एका रुपयावर. १९०३ सालींच प्राप्तीवरील कराच्या माफीची मर्यादा ५०० वरून १००० रुपये झाली. लहान दुकानदारांस ती मोठीच सुटका होती. हें सर्व एकट्या गोखल्यांमुळें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांचा मार्ग मवाळ म्हणून त्यांजवर टीकाही पुष्कळ झाली. परंतु हातीं मत नसतांही बिनतोड हिशेबाला वजन असतें, हें त्यांनीं सिद्ध केलें.

कर कमी करा एवढेंच मागून ते थांबले नाहींत. लष्करावर मोकळ्या हातानें खर्च करणारें सरकार शाळांपुढें मात्र हात आंखडतें, हें त्यांचें मुख्य गाऱ्हाणें होतें. १९११ सालीं त्यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल आणलें. १९१२ सालीं तें समितीकडे सोंपविण्याची सूचनाच ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळली गेली. विरोध करणारांत आपलेच कांहीं जमीनदार व प्रतिष्ठित लोकही होते, हें आम्हीं विसरतां कामा नये. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, गोखले निवर्तले. त्यांनीं मागितलेला हक्क साऱ्या देशांतील मुलांस मिळवून देणारा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला.

आज मत आपल्या हातीं आहे. नाहीं तें वाचन. आमची वाचकांस विनंती एवढीच, कीं यंदा निदान आपल्या नगरपालिकेचें अंदाजपत्रक तरी दुकानाच्या वहीप्रमाणें उघडावें, आणि तीन प्रश्न विचारावे: शिल्लक राहिली ती कोणाच्या पदरची? खर्च झाला तो कोणासाठीं? शाळेच्या सदरांत काय पडलें? गोखल्यांना नसलेला अधिकार हातीं असतांना आम्ही वही मिटूनच ठेवली, तर दोष सरकारचा म्हणावा कीं धन्याचा?