माता रमाई : घरातील श्रमांचे ऋण

दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपल्या वस्त्यावस्त्यांतून रमाईंची जयंती साजरी होते. प्रतिमेला पुष्पहार अर्पण केला जातो, गीते गायिली जातात आणि प्रत्येक भाषणात त्यागमूर्ती हा शब्द हमखास येतो. तो यथार्थच आहे. परंतु त्याग हा शब्द इतका भव्य आहे की त्याच्या तेजात रोजची कामे दिसेनाशी होतात. चूल, पाणी, सरपण, आजारी लेकराचे अंथरूण, महिनाअखेरीची ओढाताण ही ती कामे. या स्मरणिकेच्या निमित्ताने रमाईंचे चरित्र आम्ही या कामांच्या अंगाने सांगू इच्छितो. कारण आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी तीच कामे आजही कोणीतरी मुकाट्याने करीत असते.

रमाईंचा जन्म १८९८ साली रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळील वणंद या गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. आई रुक्मिणी लवकरच निवर्तल्या आणि पुढे वडिलांचेही छत्र हरपले. पोरक्या झालेल्या भावंडांना नातलगांनी मुंबईला आणले. ज्या वयात मुलीने पाटी-पेन्सिल घ्यावी, त्या वयात धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. शाळेचे दार त्यांच्यासाठी उघडलेच नाही.

बालविवाहाच्या त्या काळात, नऊ-दहा वर्षांच्या वयात, सुभेदार रामजी आंबेडकर यांचे धाकटे चिरंजीव भीमराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिवसाचा बाजार उठल्यावर भायखळ्याच्या मासळी बाजाराच्या मोकळ्या जागेत रात्री हा समारंभ पार पडला. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच जागा पुन्हा विक्रेत्यांच्या स्वाधीन व्हायची होती.

१९१३ हे वर्ष या संसाराची कसोटी पाहणारे ठरले. आदल्या डिसेंबरात यशवंताचा जन्म झाला होता. २ फेब्रुवारीला सुभेदारांचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या जुलैत बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेस गेले. त्या वेळी रमाई अवघ्या पंधरा वर्षांच्या होत्या. कडेवर तान्हे मूल, घरातला कर्ता वडीलधारा नुकताच गेलेला आणि पती सातासमुद्रापार. थोरले दीर आनंदराव आणि जाऊबाई लक्ष्मीबाई यांच्यासह त्यांनी ती चार वर्षे काढली. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात तासन् तास अभ्यास चालू असताना इकडे मुंबईत घरखर्चाची जुळवाजुळव चालली होती. विद्वत्तेच्या त्या इमारतीचा पाया या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी घातला जात होता.

१९१७ साली बाबासाहेब परतले. पुढच्या वर्षी ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगार चांगला होता, तरी परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांचा संसार काटकसरीनेच चालला. कारण लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पैसा शिल्लक टाकायचा होता. घरखर्चासाठी ठरावीक रक्कम रमाईंच्या हाती येई आणि तीत सर्वांचे भागवणे हे त्यांचे काम असे. १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले, ते १९२३ च्या एप्रिलमध्ये परतले. ज्या शिक्षणाचा आपण अभिमान बाळगतो, त्याचा खर्च शिष्यवृत्तीने आणि कर्जाने भागला, तसाच तो या दोन खोल्यांतील काटकसरीनेही भागला, हे आपण विसरू नये.

या काटकसरीची झळ शरीराला आणि मनाला बसल्यावाचून राहिली नाही. रमाईंना पाच अपत्ये झाली : यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. त्यांपैकी एकटे यशवंत जगले. बाबासाहेबांचा अत्यंत लाडका राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. त्यानंतर कोल्हापूरच्या दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपले दुःख मोकळे केले आहे. रमाईंच्या दुःखाचे असे पत्र उपलब्ध नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटवायचीच होती. दुःख करण्यासाठीही उसंत लागते आणि घर सांभाळणाऱ्या बाईच्या वाट्याला ती क्वचितच येते.

रमाई श्रद्धाळू होत्या. पंढरपूरला जावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु त्या काळी अस्पृश्यांना विठ्ठलमंदिराची पायरी ओलांडता येत नव्हती. ज्या देवळात प्रवेश नाही तेथे जाण्यापेक्षा आपण स्वतःच्या सेवेने दुसरे पंढरपूर उभे करू, अशी बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली. त्यांची ती इच्छा मनातच राहिली.

आता एका महत्त्वाच्या लेखाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. १९२७ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. वर्षभर त्याचे स्तंभ त्यांनी जवळजवळ एकहाती भरून काढले. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात त्यांनी पत्राची आर्थिक स्थिती वाचकांपुढे मांडली आणि समाजावर या पत्राचे ऋण आहे की नाही, असा प्रश्न विचारला. या हिशेबात त्यांनी आपल्या पत्नीचाही उल्लेख केला. आपण परदेशी असताना प्रपंचाची काळजी तिने रात्रंदिवस वाहिली, आपण परतल्यावरही हलाखीच्या दिवसांत शेणींचे भारे डोक्यावरून आणायला ती कचरली नाही, आणि अशा स्त्रीच्या सहवासात दिवसाकाठी अर्धा तासदेखील आपल्याला घालवता आलेला नाही, हे त्यांनी स्पष्टपणे नमूद केले. घरातील बाईचे श्रम हे चळवळीचे भांडवल आहे आणि ते कोणीतरी सोसून पुरवत आहे, हे त्यांनी रमाईंच्या हयातीतच छापून जाहीर केले. स्वतःच्या घराचा हिशेब इतक्या प्रांजळपणे मांडणारे नेते विरळाच.

वसतिगृहात वाढलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना धारवाडची आठवण विशेष जवळची वाटेल. हवापालटासाठी रमाई तेथे बळवंतराव वराळे यांच्या कुटुंबात राहिल्या होत्या. वराळे दलित विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालवीत. अनुदान वेळेवर न आल्याने मुलांची उपासमार होत असल्याचे पाहून रमाईंनी आपल्या हातांतील सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, असे सांगितले जाते. चार लेकरे गमावलेल्या मातेने परक्या लेकरांच्या ताटाची काळजी घ्यावी, यातच आमच्यासारख्या प्रत्येक वसतिगृहाची परंपरा सामावलेली आहे.

१९३० नंतर गोलमेज परिषदांमुळे बाबासाहेबांचे दीर्घकाळ लंडनला वास्तव्य होऊ लागले. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभे राहिले. हक्काचे घर मिळाले, पण तोवर रमाईंची प्रकृती ढासळली होती. उपचार झाले, तरी गुण आला नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सदतीस वर्षांचे होते. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. ती ऐकायला रमाई नव्हत्या आणि १९५६ ची दीक्षाभूमीही त्यांनी पाहिली नाही. पुढे ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि मित्रहीन, विवंचनेच्या दिवसांत त्यांनी शांतपणे सोसलेल्या कष्टांचे ऋण मान्य केले.

या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? रमाईंसारखे सोसा, असे आपल्या लेकीसुनांना सांगणे सोपे आहे. आमच्या मते तो या चरित्राचा चुकीचा अर्थ होईल. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, घरी बाळंतपण निघाले किंवा आजी अंथरुणाला खिळली, की वसतिगृहातून पहिल्यांदा मुलीला घरी नेले जाते, तिच्या भावाला नव्हे. तिचे शाळेतले नाव तसेच राहते, पण जागा रिकामी पडते. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या वणंदच्या त्या मुलीचे बालपण अशा वेळी पुन्हा एकदा हिरावले जाते.

ऋण मान्य केले तर ते फेडलेही पाहिजे. पालकांनी घरातील आजारपणाचा आणि लहानग्यांचा भार मुलगा, मुलगी, आई आणि बाप यांच्यात वाटून घ्यावा. मिळवत्या झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी, आपण शिकत असताना घर कोणी सांभाळले, हे एकदा आठवावे आणि त्या आईला, त्या बहिणीला विसावा व औषधपाणी वेळेवर मिळेल असे पाहावे. सामाजिक कार्यात रात्री उशिरापर्यंत रमणाऱ्या कार्यकर्त्यांनी तो अर्धा तास आपल्या घरासाठी राखून ठेवावा. ज्या अर्ध्या तासाची खंत बाबासाहेबांना होती, तो आज आपल्या हाती आहे.

माता रमाईंच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.